तुमच्या शंभर टक्क्यांतून आमच्याकडे आलेली मुलं

सांगली जिल्ह्यातल्या सर्व माध्यमिक शाळांचे मुख्याध्यापक, मुख्याध्यापिका आणि संस्थाचालक यांना,

सप्रेम नमस्कार.

१३ मे २०२५ ला दहावीचा निकाल लागला आणि दोन दिवसांत विश्रामबागपासून मिरजेच्या रस्त्यापर्यंत फ्लेक्स उभे राहिले. हसरी मुलं, नावापुढे टक्के, आणि वर मोठ्या अक्षरात ‘शंभर टक्के निकालाची परंपरा कायम’. मी दरवर्षी ते फ्लेक्स थांबून वाचते. त्या मुलांनी वर्षभर राबून मिळवलेले गुण आहेत ते आणि त्यांच्या शिक्षकांचा घामही त्यात आहे. त्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे.

मी मार्केट यार्डाच्या मागच्या अंगाला भाड्याच्या दोन खोल्यांत संध्याकाळची शाळा चालवते. अनुदान नाही, पाटी नाही, सव्वासहाला घंटा होते आणि साडेनऊला आम्ही दिवा मालवतो. नियमित शाळेतून बाहेर पडलेल्यांना दहावीला बसवायचं, एवढंच आमचं काम. यंदा आमच्याकडून १९ जण बसले, ११ सुटले, म्हणजे पास झाले.

निकालानंतर एका बैठकीत तुमच्यापैकीच एक सर मला म्हणाले, “मॅडम, अठ्ठावन्न टक्के? पोरांचं वर्ष वाया घालवताय तुम्ही.” ते रागानं बोलले नव्हते. मुलांच्या काळजीनंच बोलले, म्हणून ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. तिथं मला नीट उत्तर देता आलं नाही. ते उत्तर आज सगळ्यांसमोर देते.

आधी एक हिशेब. १९ मुलांच्या वर्गात एक मुलगा म्हणजे सव्वापाच टक्के. परीक्षेच्या आदल्या रात्री एकाच्या बापाला हमाली करताना पाठीत लागलं, पोरगा सिव्हिलला बसून राहिला आणि भूमितीचा पेपर बुडाला. आमचा निकाल सव्वापाच टक्क्यांनी खाली आला. तीनशेच्या शाळेत हाच मुलगा एक तृतीयांश टक्का असतो, त्याचं कुणाला कळतही नाही. एवढ्याशा वर्गाची टक्केवारी काढून ती मोठ्या शाळेशेजारी मांडली की तिच्यातून शाळा कळत नाही, फार तर त्या वर्षीचं नशीब कळतं.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. यंदाचा राज्याचा निकाल ९४.१० टक्के, असं सगळीकडे छापून आलं. आपला कोल्हापूर विभाग तर ९६ च्याही वर आहे. पण ९४.१० हा आकडा नियमित विद्यार्थ्यांचा आहे. मंडळ त्याच दिवशी आणखी दोन आकडे देतं, ते कुणी फ्लेक्सवर घेत नाही. १७ नंबरचा फॉर्म भरून, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून बसलेल्या खासगी विद्यार्थ्यांचा निकाल ८०.३६ टक्के होता. पुन्हा बसलेल्यांचा, म्हणजे पुनर्परीक्षार्थींचा, ३९.४४ टक्के. राज्यभरात २३,९५४ पुनर्परीक्षार्थी बसले आणि ९,४४८ पास झाले. मंडळाला पक्कं ठाऊक आहे की ही तीन वेगवेगळी माणसं आहेत, म्हणून ते तिघांना वेगवेगळं मोजतं.

आमच्या १९ पैकी ८ जण पहिल्यांदाच १७ नंबरनं बसले होते आणि ११ पुनर्परीक्षार्थी होते. राज्याची सरासरी त्यांना लावून बघा. आठांतले साधारण साडेसहा आणि अकरांतले साधारण सव्वाचार पास व्हायला हवेत, म्हणजे जवळजवळ ११. आमचे ११च झाले. ही काही मोठी कामगिरी नाही, मी तसं म्हणणारही नाही. पण त्या सरांना एवढं सांगायचं होतं की आम्ही वर्ष वाया घालवलं नाही. आणि जी आठ मुलं राहिली त्यांतली पाच पुरवणी परीक्षेचा फॉर्म भरून रोज येतात. त्यातल्या एकाचा तर एकच विषय राहिला आहे.

आता ही मुलं कोण, ते सांगते. प्रवेशाच्या छापील फॉर्मवर जात, धर्म, जन्मतारीख, आधार क्रमांक असे रकाने असतात. ते आम्ही भरतो. त्याशिवाय माझ्याकडे एक लांबट वही आहे, तिच्यात मी चार रकाने स्वतः आखले आहेत. दिवसा काय काम करतो. घरात याआधी दहावीपर्यंत कोण पोचलं. आतापर्यंत किती शाळा झाल्या. आणि चौथा, शाळा कशी सुटली, तेही त्याच्याच शब्दांत.

दुसरा रकाना जवळजवळ कोराच आहे.

पहिला मात्र गच्च भरलेला. हळदीच्या पेठेत पोती उचलणारे तिघं. कुपवाड एमआयडीसीत दोघं. गॅरेज, चहाची गाडी, सेंट्रिंग, केटरिंगला वाढपी. द्राक्षं उतरली की तासगाव-कवठेमहांकाळकडच्या शेडवर बेदाणा निवडायला जाणाऱ्या दोघी. हा हंगाम नेमका परीक्षेच्या तोंडावर येतो. यंदा तर परीक्षाच दहा दिवस अलीकडे ओढली, २१ फेब्रुवारीला पहिला पेपर होता. तेव्हा कारखाने चालू होते, शेड चालू होत्या, पेठेत नवी हळद आली होती. ज्या चार महिन्यांत यांच्या घरात पैसा येतो त्याच महिन्यांत आपण त्यांना अभ्यासाला बसा म्हणतो. उसाच्या टोळीत असलेल्या घरानं तर मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते. एका कोयत्याला, म्हणजे तोडणीच्या जोडीला, दोन माणसं लागतात. बाप आजारी पडला तर दुसरं माणूस म्हणजे पोरगा.

तिसऱ्या रकान्यात, किती शाळा, या जिल्ह्याचा सगळा नकाशा सापडतो. जतच्या पूर्व भागातली एक मुलगी आहे. घरात कन्नड, सातवीपर्यंतची शाळा कन्नड, मग आईबाप सांगलीला हमालीला आले आणि आठवीला ती एकदम मराठी माध्यमात पडली. पहिलं वर्षभर ती वर्गात बोलली नाही. तिच्या आधीच्या प्रगतिपुस्तकावर शेरा आहे, ‘आकलन कमी’. ते आकलन कोणत्या भाषेत तपासलं होतं, हे कुणी लिहिलेलं नाही. आटपाडीकडचा मेंढपाळाचा मुलगा आहे. पावसाळा सरला की घोड्यावर बिऱ्हाड लादून घरातले कृष्णाकाठाला, पुढे घाटाकडे. तो शाळेत असला तरी वर्षातून चार-पाच महिनेच. नदीकाठच्या एका मुलाचं घर २०१९ च्या महापुरात बुडालं, कागद वाहून गेले, ते पुन्हा गोळा करण्यात त्याचं वर्ष गेलं आणि वर्षाबरोबर सवयही गेली.

एका मुलाबद्दल मात्र जरा सविस्तर लिहिते, कारण तुमच्यातल्या खानापूर, विटा, आटपाडी भागातल्या लोकांना असा एक तरी मुलगा माहीत असणार. त्याचे वडील गलाईवर, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या धंद्यात. लहानपण तमिळनाडूत गेलं, सहावीपर्यंत शाळा तिकडेच. आजी एकटी पडली म्हणून याला गावी पाठवला. तमिळ बोलतो, हिंदी बोलतो, घरची मराठी तर झक्कास बोलतो, पण मराठी लिहिताना अक्षर अन् अक्षर शोधावं लागतं. सोन्याचा टंच, म्हणजे शुद्धता, मात्र तोंडी सांगतो. इतक्या ग्रॅमची लगड, इतका टंच, तर शुद्ध सोनं किती, हे विचारा आणि कागद घ्यायच्या आत उत्तर घ्या. शेकडेवारी त्याला कुणी शिकवलेली नाही, ती त्याच्या घरात भट्टीशेजारी वाढलेली आहे. नववीत तो मराठी आणि इतिहासात नापास झाला. त्याचा दाखला आमच्याकडे आला तेव्हा त्याच्यासोबत कुणी हे सांगितलं नव्हतं की हा गणितात हुशार आहे. यंदा गणितात ६१ आणि मराठीत २८. भाषांची बेरीज धरून तो सुटला, कारण तीन भाषांत मिळून १०५ आणि प्रत्येकीत किमान २५ असले तर चालतं. ही एकत्रित उत्तीर्णतेची सोय कित्येक पालकांना माहीतच नसते. पोराला एका विषयात पस्तीस पडणार नाहीत म्हटलं की ते हात टेकतात. त्यांना ती सोय कुणीतरी समजावून सांगायला हवी होती ना?

मुलींचं वेगळं सांगते. राज्यात यंदा मुलींचा निकाल ९६.१४ आणि मुलांचा ९२.३१. मुली पुढे, ही बातमी दरवर्षी येते आणि खरीच आहे. पण ती परीक्षेपर्यंत पोचलेल्या मुलींची बातमी आहे. माझ्या वर्गात १९ मध्ये मुली सहाच. जूनमध्ये आठ होत्या. दोघींची लग्नं झाली, एकीचं दिवाळीनंतर, एकीचं माघात. दुसरीच्या घरी मी तीनदा गेले. आई चहा करायची, हो हो म्हणायची, चौथ्यांदा गेले तर दाराला कुलूप. ती पोरगी वर्गात सगळ्यांत पुढं होती. निकालात तिची नोंद कुठेच नाही, कारण ती बसलीच नाही. आमच्या ५८ टक्क्यांत ती धरलेली नाही. जूनपासून मोजलं तर आमचे २३ होते आणि सुटले ११. खरा आकडा हा आहे. तो लपवून मला काही मिळवायचं नाही.

आणि इथेच मला तुमच्याशी मुख्य बोलायचं आहे.

वहीतल्या चौथ्या रकान्यात, शाळा कशी सुटली याच्यापुढे, १९ पैकी १३ जणांनी जवळपास एकच गोष्ट सांगितली आहे. ‘सरांनी बोलावलं.’ ‘पप्पांना बोलावून दाखला दिला.’ ‘नववी पास लिहून देतो म्हणाले, पण दहावी इथं नको.’ मी कुठल्याही शाळेचं नाव घेणार नाही. तेरा मुलं एका शाळेची नाहीत आणि एका वर्षाचीही ही गोष्ट नाही. एप्रिलच्या अखेरीला पालकाला बोलावलं जातं. नापासाचा शिक्का नको असेल तर दाखला घ्या, १७ नंबरचा फॉर्म भरा, सोपं असतं, असं सांगितलं जातं. पालक अडाणी असतो, घाबरलेला असतो, सही करतो, वर आभार मानून जातो. शाळेच्या कागदावर ‘पालकाच्या विनंतीवरून’ अशी नोंद होते. मग पहिल्या वर्षी ते पोरगं एकट्यानं फॉर्म भरतं, शिकवायला कुणी नाही, आपटतं. पुनर्परीक्षार्थी होतं. आणि त्या ३९ टक्क्यांच्या रांगेत उभं राहतं. माझ्या त्या ११ पुनर्परीक्षार्थींपैकी बहुतेकांची कहाणी हीच आहे.

हे नववीतच का होतं, तेही आपण सगळे जाणतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं चौदा वर्षांपर्यंत, आठवीपर्यंत मूल धरून ठेवलं. राज्यात २०२३-२४ पासून पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा आली, तरी त्या वयाचं मूल शाळेतून काढता येत नाही. नववी ही कायद्याच्या कवचाबाहेरची पहिली पायरी. पोरं तिथूनच घसरतात, आणि काहींना तिथूनच खाली उतरवलं जातं.

तुमच्यावरचा ताण मी जाणते. मे महिन्यात तुमचे शिक्षक पट मिळवायला वाड्यावस्त्यांवर फिरतात, कारण पट घसरला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरतात त्यात, एक पद जातं आणि कुणाचं तरी समायोजन होतं, म्हणजे त्याला दुसऱ्या शाळेत पाठवतात. दहावीचा निकाल खाली आला की वरून खुलासा मागतात, संस्था विचारते, पालक शेजारच्या इंग्रजी शाळेकडे वळतात. आठवीला पट हवा आणि दहावीला निकाल हवा. या दोन्हींच्या मध्ये नववी सापडते आणि नववीत ते पोरगं सापडतं. पण सर, मॅडम, ज्याला पटासाठी घरी जाऊन बोलावून आणलं, त्यालाच निकालासाठी घरी पाठवायचं, हे तुमच्याही मनाला पटत नसणार. माझ्याशी खासगीत बोललेल्या दोघा-तिघांनी ते मान्य केलं आहे.

जरा आकडा मांडून बघू. समजा, एका शाळेत आठवीला ६० मुलं होती. दहावीला ४८ बसली, ४८ पास. फ्लेक्सवर शंभर टक्के. उरलेली १२ आमच्यासारख्यांकडे आली, त्यांतली ७ सुटली. आमचा निकाल ५८. लोक म्हणणार, ती शाळा चांगली, ही वाईट. आता ती १२ मुलं तिथेच राहिली असती आणि त्यांतली सातच पास झाली असती असं धरा. ६० पैकी ५५. निकाल जवळपास ९२ टक्के आला असता. शंभर आणि बाण्णव यांच्यामधला फरक आठ टक्के, पण त्यासाठी बारा मुलांची शाळा गेली. त्यांतल्या सात जणांना तर घालवायची गरजही नव्हती. आणि वर्गात, मित्रांमध्ये, प्रयोगशाळा वापरत, रोज शिकवणाऱ्या शिक्षकांसमोर राहून सातचे नऊ झाले नसते कशावरून?

या भागात हे बोलायला मला जास्त जड जातं. १९१९ साली कराडजवळच्या काले गावात कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ मध्ये साताऱ्याला वसतिगृह सुरू केलं, तिथं सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसली आणि अंगमेहनत करून शिकली. तुमच्यातले कितीतरी जण ‘कमवा आणि शिका’मधून उभे राहिलेले आहात. काम करणारं पोरगं शिकू शकतं, हे तुम्ही पुस्तकात वाचलेलं नाही, तुम्ही स्वतः ते पोरगं होता. माझ्या शाळेत पोती उचलून येणारा मुलगा तुमचाच धाकटा भाऊ आहे.

माझं मागणं असं आहे. येत्या वर्षापासून नववीच्या मुलाला शाळेनं आपणहून दाखला देऊ नका. पालक खरोखरच गाव सोडत असेल तर गोष्ट वेगळी. मूल कच्चं असेल तर कच्चंच दहावीला बसू द्या, नापास झालं तर तुमच्याच शाळेतून पुन्हा बसू द्या. निकालाच्या फ्लेक्सवर शंभर टक्के लिहिणार असाल तर खाली एक ओळ वाढवा: दोन वर्षांपूर्वी आठवीत किती होते. एवढी एक ओळ दहा शाळांनी लिहिली तर अकराव्या शाळेला पालकच विचारतील. वरचे अधिकारीही हे पत्र वाचतील अशी आशा आहे. त्यांना विनंती, की खुलासा मागायचाच तर कमी निकालाचा मागण्याआधी आठवी ते दहावी घटलेल्या पटाचा मागा. तो आकडा तुमच्या ऑनलाइन नोंदीत आधीपासूनच आहे, फक्त तो निकालाशेजारी ठेवायचा आहे.

आणखी एक, ते अगदी घरगुती आहे. १७ नंबरच्या मुलांनाही विज्ञानाचं प्रात्यक्षिक असतं, वीस गुण असतात. आमच्याकडे टेबल नाही, परीक्षानळी नाही. तुमची प्रयोगशाळा संध्याकाळी बंद असते. महिन्यातून दोन शनिवार ती उघडून दिलीत तर काचेचं काही फुटलं तर मी भरून देईन. एका शाळेनं गेल्या वर्षी जानेवारीत तसं केलं. लिटमसचा निळा कागद लाल होताना बघून सेंट्रिंगवर काम करणारा एक एकोणीस वर्षांचा मुलगा इतका हरखला की त्यानं तो कागद पाकिटात ठेवला. अजून त्याच्याकडे आहे. तो विज्ञानात ४४ गुण घेऊन सुटला. त्याला सैन्यात जायचं आहे. अग्निवीर भरतीत जनरल ड्युटीला दहावीत एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात ३३ लागतात. त्याचे ४३ झाले. तो आता गुण वाढवण्यासाठी पुन्हा बसायचं म्हणतो आहे, आणि पुढच्या वर्षी त्याला राज्याच्या कुठल्या रांगेत मोजतील याची त्याला पर्वा नाही.

सोमवारपासून तुमच्या शाळा भरतील. या आठवड्यात कुणा पालकाला दाखल्यासाठी बोलावलेलं असेल तर तो दाखला लिहिण्याआधी मला एकदा बोलवा. मी येते, दिवसा मला वेळ असतो. त्या मुलाचं गणित किंवा मराठी संध्याकाळी आमच्याकडे करून घेऊ, फी नको. त्याचं नाव मात्र तुमच्या पटावर राहू द्या.

आपली,
मार्केट यार्डामागच्या संध्याकाळच्या शाळेतली एक शिक्षिका
सांगली, जून २०२५